तेविसावं नाव

फार पूर्वी, नाईल नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात अक्षरांच्या देवीचं देऊळ होतं. देवीचं नाव सेशात. अंगावर बिबट्याचं कातडं, डोक्यावर सात पाकळ्यांचा तारा, एका हातात खजुराच्या झावळीची काठी आणि दुसऱ्या हातात लेखणी. त्या काठीवर ती माणसांची वर्षं खाच पाडून मोजते, असं गावातली माणसं सांगत. देवळात लिहायला बसणारा प्रत्येक जण आधी पाण्याचा एक थेंब तिच्या नावाने जमिनीवर सांडायचा आणि मगच लेखणी ओली करायचा.

देवळाच्या मागच्या अंगाला एक लांबलचक भिंत होती. वर्षभरात गावातली जी माणसं वारत, त्यांची नावं तिथे कोरली जात. मग देवीच्या उत्सवात मोठ्या पुजारीणबाई भिंतीसमोर उभ्या राहून आधी नवी, मग जुनी, अशी एकेक नाव मोठ्याने वाचत आणि त्या घरचं माणूस गर्दीतून ओ देई, "आहे!" ज्याचं नाव वाचलं जातं तो पुरता मरत नाही, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा होती.

या गावात दोन लेखक होते. एक थोरला, एक नवा.

थोरल्याचं अक्षर मोत्याच्या सरासारखं. वीस वर्षं भिंतीवरची नावं त्यानेच लिहिली. त्याच्या ओळीला दोरी लावून बघावी, दोरीच वाकडी निघेल, असं लोक म्हणत. तेही त्याला ठाऊक होतं.

त्या लिपीची एक रीत होती. नावाच्या खुणा लिहून झाल्या की शेवटी एक छोटंसं माणूस काढायचं. पुरुषाचं नाव असेल तर बसलेला पुरुष, बाईचं असेल तर बसलेली बाई. ते माणूस नसेल तर नाव नुसता शब्द होऊन बसतो. कुणाचं नाव 'कोल्हा' असेल आणि पुढे माणूस काढायला विसरलात, तर वाचणारा खरोखरचा कोल्हाच समजणार. थोरला ही माणसं इतकी सारखी काढायचा की एक झाकावं आणि दुसरं दाखवावं. ताठ पाठ, गुडघे जुळलेले, नजर समोर.

मग नवा आला. कुंभारवाड्यातला पोरसवदा गडी, पंचविशीही न ओलांडलेला. त्याचं अक्षर उतरणीला लागलेल्या मेंढरांसारखं, एक इकडे, एक तिकडे. थोरल्याने पहिल्या दिवशी त्याचा कागद पाहिला आणि हसून म्हणाला, "कुंभारा, चाक सोडलंस तरी हात अजून फिरतोच आहे की रे तुझा!"

"फिरतो खरा, दादा," नवाही हसला. "तुमच्याजवळ बसून थांबला तर बघू."

पण त्याचा हात थांबला नाही आणि लोकांनाही तो थांबायला नको होता. झालं असं की एका कोळ्याची बायको नवऱ्याचं नाव लिहून घ्यायला आली. नव्याने लगेच लेखणी उचलली नाही. त्याने विचारलं, "बाई, ते बसायचे कसे?"

"कसे म्हणजे?"

"म्हणजे घरी आले, टेकले, तर कसे बसायचे?"

बाई जरा गोंधळली. मग म्हणाली, "पाय पसरून. जाळं ओढून ओढून गुडघे गेले होते ना. आणि मान अशी एका बाजूला." नव्याने नाव लिहिलं आणि शेवटी पाय पसरलेला, मान कलती केलेला एक टिचभर कोळी काढला. बाईने तोंडाला पदर लावला. मग रडता रडता हसली आणि म्हणाली, "अगं बाई, आलेच की हे!"

चार दिवसांत नव्यापुढे माणसांची रांग लागली. थोरल्यापुढची चटई मोकळी राहू लागली.

कुणी त्याच्यासमोरून जाताना ओशाळं होऊन म्हणे, "तुमचं अक्षर म्हणजे काय, बघतच राहावं! पण सासूबाईंचं नाव तेवढं त्यांच्याकडून लिहून घेते." थोरला म्हणे, "घ्या की, घ्या." आणि मग दिवसभर त्याच्या घशाखाली भाकरी उतरत नसे.

मत्सर काही दार ठोठावून येत नाही. आधी त्याला नव्याचं हसू खुपू लागलं. मग त्याचं खोकणं. मग त्याने सांडलेला पाण्याचा थेंबसुद्धा! आपण सांडतो तो थेंब जमिनीत लगेच जिरतो आणि याचा मात्र बराच वेळ चकाकत राहतो, असं त्याला वाटू लागलं. इतकी वर्षं लिहिताना त्याने मान वर केली की देवीची नजर आपल्या हातावर आहे असं त्याला वाटायचं. आता वाटे, तिने मान तिकडे वळवली आहे. दगडाची मूर्ती ती, मान कशाला वळवेल? पण जळणाऱ्या डोळ्याला दगडही हललेला दिसतो.

एकदा नवा जेवायला गेला असताना थोरल्याने त्याच्या टोपलीतली एक टाकून दिलेली खापरी उचलली. तिच्यावर मांडी घालून बसलेली, पोटाशी कोकरू धरलेली एक धनगरीण होती. थोरल्याने तशीच काढून पाहिली. त्याची धनगरीण ताठ बसली आणि कोकरूही ताठच बसलं. त्याने दोन्ही खापऱ्या फोडल्या आणि पायाने वाळूत लोटल्या.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. थोरल्याची बायको तीन वर्षांपूर्वी वारली होती. तिचं नाव बेनेरेत, म्हणजे गोडी. ते नाव अजून भिंतीवर चढलेलं नव्हतं. तिचं नाव मीच लिहीन आणि मनाजोगं जमेल तेव्हाच लिहीन, असं तो म्हणायचा. घरी खापरीवर लिहायचा, बघायचा, मोडायचा. दाराशी तुकड्यांचा ढीग झाला होता. नदीपलीकडे दिलेली त्याची मुलगी दर खेपेला तो ढीग बघायची आणि काही न बोलता झाडून काढायची.

त्या वर्षी उत्सवाच्या आधी पुजारीणबाईंनी थोरल्याला बोलावलं.

"या वर्षीची नावं त्याला लिहू दे," त्या म्हणाल्या. "लोकांचं फारच म्हणणं पडलं."

थोरला हातातली लेखणी पुसू लागला.

"आणि तपासायला तू. तुझ्यासारखी नजर दुसऱ्या कुणाला नाही."

हा मान होता. पण मखरातून उठवून माजघरात बसवलेल्याला मान दिला काय आणि न दिला काय, सारखंच. थोरल्याने वाकून नमस्कार केला आणि तपासनिसाची वेताची पट्टी घेतली.

तपासण्यात त्याचा हात धरणारा खरोखरच कुणी नव्हता. त्याची एक युक्ती होती. तो उलटं वाचायचा. शेवटच्या खुणेपासून मागे मागे, एकेक खूण पट्टीने झाकत. "सुलट वाचलं की मन अर्थाबरोबर पुढे पळतं," तो शिकाऊ लेखकांना सांगायचा, "आणि चूक मागे हसत उभी राहते. उलट वाचा. मग अर्थ उरत नाही, नुसत्या खुणा उरतात." एकदा कुणीतरी त्याला विचारलं होतं, "त्या कागदात काय होतं हो?" तर तो ऐटीत म्हणाला होता, "मला काय ठाऊक? मी तपासतो. वाचत नाही."

नव्याने चाळीस नावांचा कागद आणून दिला. "दादा, डोळ्यांत तेल घालून बघा हं. माझा काही भरवसा नाही," असं म्हणून तो गेला.

थोरला पट्टी घेऊन बसला. उलट वाचणाऱ्याला प्रत्येक नावात आधी माणूस भेटतं, मग नाव. कुणी वाकलेला म्हातारा, कुणी हात पसरलेली मुलगी. थोरला त्यांच्याकडे बघत नव्हता. तो चूक हुडकत होता. सापडू दे, एक तरी सापडू दे, असं त्याच्या छातीत चाललं होतं.

शेवटून अठरावं, म्हणजे सुरुवातीपासून तेविसावं नाव आलं आणि त्याची पट्टी थांबली. तिथे माणूसच नव्हतं. खुणा संपल्या होत्या, पुढे बोटभर जागा कोरी होती आणि त्या जागेत कुणी बसलेलं नव्हतं.

एरवी त्याने उरलेल्या खुणा तपासून नाव काय ते लावलं असतं, नव्याला हाक मारली असती, दोन टोमणे मारले असते आणि काम झालं असतं. त्या दिवशी त्याने पट्टी त्या नावावर आडवी टाकली, आख्खं नाव झाकलं आणि पुढच्याकडे वळला. कागद संपल्यावर त्याने खाली तपासल्याची खूण केली.

दोन दिवसांनी पाथरवट छिन्नी खांद्यावर टाकून आला. त्याला वाचता येत नव्हतं. दिसेल तसं तो दगडात उतरवायचा.

"मालक, तेविसाव्यानंतर थोडी जागा रिकामी दिसते. सोडायची का?"

थोरल्याने वर पाहिलंही नाही. "रिकाम्या जागेला काय छिन्नी मारणार आहेस? पुढचं नाव जवळ ओढून घे. ओळ भरीव दिसू दे."

"तसं करतो. बाकी त्या कुंभाराच्या माणसांनी पार जीव काढला बघा! एकाचा गुडघा वर, एकाचा खाली. तुमची कशी, डोळे मिटून कोरावीत."

थोरल्याला ते बोलणं गोड लागलं. त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

उत्सवाचा दिवस उजाडला. भिंतीपुढे गाव लोटलं. नदीपलीकडून होड्या भरभरून माणसं आली. थोरला सगळ्यांच्या पुढे उभा होता. अंगावर धुतलेलं वस्त्र, हातात पट्टी. नवा मागे खांबाशी घाम पुसत उभा होता.

पुजारीणबाई काठीने एकेक नाव दाखवत वाचू लागल्या. कोळ्याचं नाव आलं. "आहे!" एका आजीचं आलं. "आहे!" सात नातवंडं एकदम ओरडली. लोक डोळेही पुसत होते आणि त्या टिचभर माणसांकडे बोटं दाखवून हसतही होते. "अगं, बघ ना, मामा तसेच हात मागे टेकून बसलेत!" थोरला मनात मोजत होता. एकवीस. बावीस.

पुजारीणबाईंची काठी थांबली. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. जे लिहिलंय तेच वाचायचं, अशी रीत होती. त्या म्हणाल्या, "खजूर."

कारण बेनेरेतच्या खुणा आणि गोड खजुराच्या खुणा एकच. कोठारातल्या खजुराच्या रांजणावर त्याच खुणा काढलेल्या असतात. पुढे बाई बसवली तरच ते बाईचं नाव.

तेवढ्यात एक जण हसला. मोठ्याने, मान मागे टाकून, कित्येक दिवस दाबून ठेवलेलं हसू. तो थोरला होता. त्याच्या मागोमाग गर्दी हसली. "खजूर वारला काय रे?" कुणीतरी ओरडलं. "कुठल्या रांजणातला?" "त्याच्या घरी कोण कोण असतं?"

त्या हशातून एक ओ आली.

"आहे."

बाईचा आवाज होता. मोठा नव्हता, पण एकेक करून लोक गप्प झाले. गर्दी बाजूला झाली आणि थोरल्याला दिसलं, हात जोडून त्याची मुलगी उभी होती.

थोरल्याने भिंतीकडे पाहिलं. त्या ओळीशी गेले कित्येक दिवस त्याची सलगी होती, पण सुरुवातीकडून शेवटाकडे, सुलट, ती त्याने त्या क्षणी पहिल्यांदा वाचली.

त्याची मुलगी म्हणाली, "मी दिलं नाव, बाबा. तीन वर्षं तुमचे तुकडे झाडतेय. म्हटलं, तुमच्याने ते होणार नाही. या नव्या लेखकांना म्हटलं, बाबांना सांगू नका, एकदम भिंतीवरच दिसू दे. तुम्ही काय, तपासता, वाचत नाही."

पुजारीणबाईंनी विचारलं, "मसुदा कुणाचा?"

नवा पुढे आला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "माझा. चूक माझीच आहे. काकू कशा बसायच्या ते मी ताईंना विचारलं होतं. त्यांना सांगवेना. उद्या सांगते म्हणाल्या, म्हणून जागा सोडली आणि मग... विसरलो मी."

"तपासला कुणी?"

नव्यानेच घाईघाईने म्हटलं, "दादांनी. पण बारीक खूण ती. आणि इतकी नावं. निसटली असेल नजरेतून."

दार असं आयतं उघडं होतं. 'हो, निसटली,' एवढंच म्हणायचं. थोरल्याच्या नजरेतून वीस वर्षांत काही निसटलं नव्हतं, म्हणून एकदा निसटलं तर लोकांनी त्याचं सांत्वनच केलं असतं. वर बायकोचं नाव! माणसं त्याला धरून घरी घेऊन गेली असती.

त्याने मुलीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती भिंतीकडे बघत होती, जिथे तिची आई असायला हवी होती तिथे.

"निसटली नाही," थोरला म्हणाला. "मला दिसली होती."

"मग?"

"झाकली. कुणाचं नाव आहे ते बघितलंही नाही. याची चूक सापडली एवढंच बघितलं. आणि याने जागा सोडली होती, ती मी पाथरवटाला बुजवायला सांगितली."

पाथरवटाने मान खाली घातली. पुजारीणबाईंनी हात पुढे केला. थोरल्याने पट्टी त्यांच्या हातात दिली. ती त्याला पुन्हा कधी मिळाली नाही.

"देवीच्या भिंतीवरचं खोडता येत नाही," त्या म्हणाल्या. "भर घालता येते. पण घालायची कुठे? जागाच उरलेली नाही."

खरंच नव्हती. पुढचं नाव अगदी खेटून बसलं होतं. नव्याने भिंतीला नाक लावून पाहिलं. दोन ओळींच्या मधे, नावाच्या किंचित वर, करंगळीच्या नखाएवढी फट होती. "इथे बसेल," तो म्हणाला. "वाकडी बसेल, पण बसेल. ताई, आता तरी सांगा. काकू कशा बसायच्या?"

मुलीचे डोळे भरून आले. "तेच तर आठवत नाही हो. मी तिला बसलेलं बघितलंच नाही. कायम कामात. म्हणून तर त्या दिवशी सांगता आलं नाही."

मग थोरला बोलू लागला, कुणाकडेही न बघता.

"संध्याकाळी बसायची. मी लिहायला बसलो की उंबऱ्यावर येऊन टेकायची. एक गुडघा वर. त्याच्यावर हनुवटी. हातात काहीतरी असायचं, शेंगा नाहीतर सूत. माझी शाई वाळेपर्यंत बोलायची नाही. शाई वाळली की म्हणायची, 'आता बघू?'"

नव्याने लेखणी आणि पाण्याची वाटी थोरल्यापुढे धरली.

"तू काढ," थोरला म्हणाला. "तुला जमतं."

"मी नाही बघितलं त्यांना, दादा. तुम्ही बघितलंय."

थोरल्याने पाण्याचा थेंब सांडला. तो जमिनीत जिरला की चकाकला, हे त्याने पाहिलं नाही. त्या नखाएवढ्या फटीत त्याने एक गुडघा वर केलेली, हनुवटी टेकलेली एक बाई काढली. जागा अशी अडनिडी की ती कलली. रेघ एका ठिकाणी फाटली. वीस वर्षांत त्याच्या हातून उतरलेली ती पहिली वाकडी खूण. पाथरवटाने तिथेच बसून ती कोरली. कोरताना त्याने श्वास धरून ठेवला होता.

पुजारीणबाईंनी पुन्हा काठी लावली. "बेनेरेत."

"आहे," मुलगी म्हणाली.

"आहे," थोरलाही म्हणाला. पण त्याचा आवाज तिच्या आवाजाच्या थोडा मागून आला.

त्यानंतर त्याने दुसऱ्याचं लिहिलेलं तपासलं नाही. तो नव्याच्या शेजारी चटई टाकून बसू लागला. रांगेतली माणसं आली की तो विचारायचा, "कसे बसायचे हो ते?" आणि ऐकत राहायचा. नवा लिहायचा. नाव अवघड असेल तर थोरला लिहायचा आणि शेवटचं माणूस तेवढं नवा काढायचा.

मुलगी दर उत्सवाला होडीने येई, ओ देई, बापाच्या घरी दोन घास खाऊन जाई. दाराशी आता तुकडे नसत. त्या दिवशीच्या हसण्याबद्दल ती कधी बोलली नाही, त्यानेही कधी विषय काढला नाही. भिंतीवर भर घालता येते. हसू मात्र जिथे पडलं तिथेच राहतं.

गावातली पोरं त्या ओळीला 'खजूरवाली आजी' म्हणू लागली. झाडाचा पहिला खजूर पिकला की त्यातला एक तिच्यासमोर ठेवायची चालच पडली. भिंतीवरचे बाकीचे सगळे आपापल्या ओळीत. ती एकटी जरा बाजूला, कलून, गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसलेली. जणू कुणाची तरी शाई वाळायची वाट बघत.

तात्पर्य: दुसऱ्याची चूक झाकून ठेवून तिच्यावर हसायची वाट बघू नये; तिच्याखाली आपलंच माणूस झाकलेलं असू शकतं.